एका डॉक्टरमागे किती खाटा?

कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या माणसाला अॅट्रोपिन देणे हे इंजेक्शन टोचून पुढच्या खाटेकडे वळण्याचे काम नाही. पहिला डोस दिल्यावर काही मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बघावे लागते. घरघर कमी झाली का, तोंडातली लाळ आटली का, नाडी ऐंशीच्या वर गेली का? नसेल तर डोस दुप्पट करायचा आणि पुन्हा हेच सगळे पाहायचे. डोस जास्त झाला तर रुग्ण तापतो, बरळतो, सलाईन उपटून खाटेवरून उठतो. हे निभावून माणूस शुद्धीवर आला, घोटभर चहा प्याला, नातेवाइकांना हायसे वाटले, तरी दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान त्याच्या मानेतली ताकद जाऊ शकते. उशीवरून डोके उचलता येईना, म्हणजे श्वासाचे स्नायू त्याच वाटेवर आहेत हे ओळखून त्याला वेळेत व्हेंटिलेटरवर घ्यावे लागते. यात महागडे तंत्रज्ञान थोडे आणि उशाशी उभे राहणे फार. शासकीय रुग्णालयात हे उशाशी उभे राहणारे माणूस निवासी डॉक्टर असते. वय पंचवीस ते तीस, हातात एमबीबीएसची पदवी, एमडी किंवा एमएसचे शिक्षण अर्धवट, आणि रात्री दोन वाजता वॉर्डातला सगळ्यात मोठा निर्णय त्याच्याकडे.

यवतमाळात २०१७च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीची धास्ती होती, आणि फवारणी करणारे मजूर व शेतकरी दोन-तीन औषधांची मिश्रणे मारत होते. जिल्ह्यात आठशेच्या आसपास लोक रुग्णालयात दाखल झाले, वीसहून अधिक मेले. बहुतेकांचा शेवटचा आधार होता यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. येणाऱ्या माणसाच्या अंगात नेमके कोणते रसायन गेले हे त्याला स्वतःला सांगता येत नव्हते. काहींना दिसेनासे झाले होते. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी तेव्हा तिथे होत नव्हती, म्हणजे निदान लक्षणांवरून आणि उपचार अंदाजाने. पुढे अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक बसले. कंपन्या, विक्रेते, कृषी खाते, पंप, हातमोजे, सगळ्यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या दिवसांत मेडिसिनच्या वॉर्डात एका निवासी डॉक्टरकडे एका रात्री विषबाधेचे किती रुग्ण होते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. अॅट्रोपिनचा डोस दर काही मिनिटांनी तपासायचा, तर एक डॉक्टर असे किती रुग्ण सांभाळू शकेल, हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. ते मांडायचे मात्र राहून गेले.

निवासी डॉक्टरांच्या बाबतीत आपण बाकी सगळे मोजतो. ड्यूटीचे तास, विद्यावेतनाचे रुपये, संपाचे दिवस, मारहाणीचे गुन्हे. एका डॉक्टरच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हे मात्र कुणी मोजत नाही. रुग्णाचा जीव मुख्यतः त्याच आकड्यावर तरतो किंवा जातो, असे या लेखाचे म्हणणे आहे. बाकीच्या तक्रारी खऱ्या आहेत, पण बहुतेकींचे मूळ याच एका न मोजलेल्या आकड्यात सापडते.

यवतमाळ जिल्ह्याचा आवाका आधी लक्षात घ्यावा. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, २०११च्या जनगणनेत पावणेअठ्ठावीस लाख लोक. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पलीकडे, आणि झरी जामणीच्या कोलाम पोडावरून निघालेल्या बाईला तर आधी पक्क्या रस्त्यापर्यंत यावे लागते. वाटेत पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. तिथे रात्री भूलतज्ज्ञ नसला, रक्त नसले, की केसपेपरवर ‘रेफर’ असे लिहून १०८ची गाडी यवतमाळकडे वळते. यवतमाळचा निवासी डॉक्टर ‘जागा नाही’ म्हणून दार लावू शकत नाही. शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने रुग्ण परत पाठवायचा नाही ही आपल्याकडची रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या पडतात. मामा आणि मावश्या (वॉर्डबॉय आणि आया यांना सगळी शासकीय रुग्णालये याच नावांनी हाक मारतात) धावून धावून थकतात, सिस्टरच्या रजिस्टरात नावे वाढत जातात. डॉक्टरांची संख्या तेवढीच राहते.

ती तेवढीच का राहते, याचे उत्तर वॉर्डात सापडत नाही, प्रवेशाच्या नियमांत सापडते. निवासी डॉक्टर हा कागदोपत्री पदव्युत्तर विद्यार्थी असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग एखाद्या विभागाला किती जागा देतो, हे तिथे मार्गदर्शक होऊ शकणारे अध्यापक किती आणि मंजूर खाटा किती यांवर ठरते. त्या रात्री वॉर्डात खरोखर किती माणसे झोपली आहेत, याचा त्या हिशेबाशी संबंध नाही. आता यातली गंमत बघा, गंमत म्हणण्याजोगी असेल तर. प्राध्यापक निवृत्त झाला, त्याचे पद भरले गेले नाही, तर रुग्णालयाचा एक ज्येष्ठ माणूस जातो. त्यामागोमाग त्या विभागाच्या पदव्युत्तर जागा धोक्यात येतात आणि कनिष्ठ हातही कमी होतात. दुष्काळात विहिरीबरोबर रहाटही काढून न्यावा, तसे हे. ज्या जिल्ह्यात अध्यापक टिकत नाहीत, तिथेच निवासी डॉक्टर कमी मिळतात आणि तिथेच रुग्ण सर्वांत लांबून येतात. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत गर्दी कमी नाही, पण तिथे अध्यापक यायला तयार असतात, त्यामुळे जागाही टिकतात.

हा सांधा किती कच्चा आहे ते २०२१ साली सगळ्या देशाला दिसले. पदव्युत्तर नीट परीक्षा जानेवारीत व्हायची, ती करोनामुळे ढकलत ११ सप्टेंबरला झाली. मग आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि समुपदेशन सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडले. आरक्षणाच्या त्या वादात कुणाची बाजू बरोबर हा वेगळा विषय. इथे मुद्दा एवढाच की देशभरच्या शासकीय रुग्णालयांत तीन वर्षांच्या तुकड्यांपैकी एक तुकडी कित्येक महिने आलीच नाही, आणि तीही महामारीत. पहिल्या वर्षाचे काम दुसऱ्या वर्षाने केले, दुसऱ्याचे तिसऱ्याने. रुग्णालयाचे मनुष्यबळ प्रवेशपरीक्षेच्या वेळापत्रकाला बांधले की असे होणारच. पोलीस भरतीचा निकाल लांबला म्हणून रात्रीची गस्त अर्ध्यावर आणली तर लोक ऐकून घेणार नाहीत. रुग्णालयात ते ऐकून घेतले जाते, कारण वॉर्डात कुणीतरी उभे असतेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की प्रश्न तासांचा आहे, संख्येचा नाही. छत्तीस तास सलग जागलेला डॉक्टर चुका करणार. तास कमी करा, सगळे सुधारेल. या म्हणण्यामागे भक्कम पुरावा आहे. बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या पद्धतीच्या लांब पाळ्यांमध्ये इंटर्नच्या हातून गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली ती १९८९ मध्ये, म्हणजे यवतमाळचे महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी. आपल्याकडे केंद्र सरकारने ५ जून १९९२ च्या पत्राने सलग बारा तासांपेक्षा जास्त काम नको, साधारणपणे आठवड्याला ४८ तास, असे आपल्या संस्थांना कळवले. ते पत्र बव्हंशी फायलीतच राहिले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमावलीत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत एवढेच आहे. वाजवी म्हणजे किती हे विभागप्रमुखावर सोडून दिले आहे. आयोगानेच नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची शिफारस केली. त्याच अहवालात पंधरा टक्क्यांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले होते.

तरीही नुसते तास कापून भागत नाही, आणि हेही अभ्यासानेच दाखवले आहे. २००४चा अभ्यास करणाऱ्यांपैकीच काहींनी पुढे सहा बालरोग अतिदक्षता विभागांत लांब पाळ्या बंद करून पाहिल्या. २०२० मध्ये निष्कर्ष आला तेव्हा धक्का बसला. छोट्या पाळ्यांमध्ये गंभीर चुका कमी होण्याऐवजी वाढल्या होत्या. कारण शोधल्यावर समजले की पाळ्या लहान केल्या पण डॉक्टर वाढवले नाहीत, त्यामुळे प्रत्येक निवासी डॉक्टरच्या वाट्याचे रुग्ण वाढले. दर डॉक्टरमागचे रुग्ण हिशेबात धरल्यावर ही वाढ उरली नाही. यवतमाळसाठी यापेक्षा कामाचा निष्कर्ष दुसरा नसेल. बारा तासांचा नियम उद्या सक्तीने लागू केला आणि माणसे तेवढीच ठेवली, तर रात्री जागणारा डॉक्टर ताजातवाना असेल, पण त्याच्याकडे दुप्पट खाटा असतील. अॅट्रोपिनच्या रुग्णापर्यंत तो काही मिनिटांनी पोचायचा, तो तासाने पोचेल.

जुन्या पिढीतले शिक्षक दुसरा आक्षेप घेतात. रुग्ण दाखल झाल्यापासून तो सावरेपर्यंत सलग पाहिल्याशिवाय आजार कळत नाही, आणि पाळी बदलताना माहिती गळते. यात तथ्य आहे. निवासी शिक्षणाची सध्याची पद्धत ज्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ नंतर रुजली, तिथे ऑस्लर आणि हॉलस्टेड यांचा हाच आग्रह होता. शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहावे, तिथेच जेवावे-झोपावे. (शस्त्रक्रियेतले हे कडक गुरू हॉलस्टेड स्वतः कोकेन आणि मॉर्फिनच्या विळख्यात होते, हे त्यांच्या शिस्तीचे दाखले देणारे सहसा सांगत नाहीत.) पण त्या काळच्या वॉर्डात करण्यासारखे कमी होते. प्रतिजैविके नव्हती, व्हेंटिलेटर नव्हते, डायलिसिस नव्हते. आज यवतमाळच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरची रात्र रुग्णाचे निरीक्षण करण्यात जाते असे समजणे भाबडेपणाचे आहे. रक्ताचे नमुने पोचवणे, रिपोर्ट आणणे, रक्तपेढीचे अर्ज, योजनेचे कागद, एक्स-रेसाठी ट्रॉली ढकलणे यात ती जाते. हे कारकुनाचे आणि परिचराचे काम आहे. त्यातून वैद्यक शिकता येत नाही. माहिती गळण्याच्या भीतीवरही उपाय आहे. उत्तर अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांत पाळी बदलताना माहिती ठरावीक साच्यात द्यायची शिस्त लावल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असे २०१४ च्या अभ्यासात दिसले. त्याला यंत्र लागत नाही. मात्र खुर्ची टेकवून दहा मिनिटे बोलायला दोन डॉक्टर एकाच वेळी मोकळे असावे लागतात, म्हणजे पुन्हा संख्याच आली.

तिसरा आक्षेप रस्त्यावरचा आहे आणि त्यात राग आहे. सरकारच्या पैशावर शिकतात, गावात जायला नको म्हणतात, नातेवाइकांशी उर्मटपणे बोलतात, आणि वर संप करतात. गरिबाने जायचे कुठे? संपाने गरिबाचे हाल होतात हे खरेच आहे. ठरलेली शस्त्रक्रिया पुढे गेली की मजुराची आठवड्याची मजुरी बुडते. उर्मटपणाचेही समर्थन करता येत नाही. थकलेला माणूस चिडतो हे कारण म्हणून मान्य, सबब म्हणून नाही. पण २०२३च्या जानेवारीत मार्डने, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या राज्य संघटनेने, संप केला तेव्हा मागण्यांत वरचे नाव कशाचे होते ते पाहावे. वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करा. एमडी-एमएस झालेला, तरीही रात्री वॉर्डात राहणारा डॉक्टर म्हणजे वरिष्ठ निवासी. तो असला की पहिल्या वर्षाच्या मुलीला रात्री विचारायला कुणीतरी असते. ही मागणी पगाराची नव्हती, वॉर्डातली माणसे वाढवण्याची होती. २ जानेवारीला संप सुरू झाला, सरकारने पदे मान्य केली, संप मिटला.

आणि लगेच, ५ जानेवारीला, यवतमाळच्या याच रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात राउंड चालू असताना एका रुग्णाने सुरीने दोन निवासी डॉक्टरांवर वार केले. बातम्यांनुसार हा रुग्ण स्वतःला जखम करून घेऊन दाखल झाला होता. त्याआधी १० नोव्हेंबर २०२१ च्या रात्री महाविद्यालयाच्या आवारातच एमबीबीएसच्या अंतिम वर्षातल्या विद्यार्थ्याचा खून झाला होता. दोन्ही वेळा आंदोलन झाले आणि सुरक्षारक्षक, दिवे, कॅमेरे यांची आश्वासने मिळाली. आवारातल्या खुनाला दिवे आणि रक्षक हे योग्य उत्तर आहे. वॉर्डातल्या सुरीहल्ल्याला नाही. स्वतःवर वार करून आलेल्या माणसाची मानसिक तपासणी कुणी केली, त्याच्या खाटेजवळ सुरी कशी राहिली, त्याच्यावर लक्ष ठेवायला कोण होते, हे प्रश्न फाटकावरच्या रक्षकाला विचारून उपयोग नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली, राज्यभर सामूहिक रजा झाली, तेव्हाही तो कायदा होताच. नातेवाईक हात उचलतो तो क्षण बहुधा असा असतो, की आपल्या माणसाकडे बराच वेळ कुणी फिरकले नाही आणि नंतर कुणीतरी येऊन ‘गेले’ म्हणाले. मधल्या वेळेत येऊन दोन वाक्ये बोलायला एक जास्तीचा डॉक्टर असता तर यातले कित्येक प्रसंग टळले असते. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण मला तसे ठामपणे वाटते.

शेजारच्या नांदेडचे उदाहरण फार जुने नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. लांबून रेफर होऊन आलेले रुग्ण, बदल्यांमुळे रिकामी झालेली पदे, औषधांची टंचाई अशी कारणे पुढे आली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी मात्र तिथे जाऊन अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. यवतमाळचा उमरखेड तालुका याच लोकसभा मतदारसंघात येतो आणि तिथले रुग्णही नांदेडची वाट धरतात. शौचालय स्वच्छ हवेच. पण त्या झाडूने वॉर्डातली डॉक्टरांची रिकामी जागा भरली नाही, आणि कॅमेऱ्यांनी टिपला तो झाडूच.

एक आक्षेप डॉक्टरांच्या आतून येतो आणि तो सगळ्यात अडचणीचा आहे. संख्या वाढवली तरी काम खालीच घसरणार. तिसऱ्या वर्षाचा दुसऱ्यावर ढकलणार, दुसरा पहिल्यावर. निवासी डॉक्टरांच्या उतरंडीत छळ चालतो, आणि कधी त्याला जातीचा वासही असतो. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका आदिवासी निवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली, तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचा आरोप ठेवून खटला उभा राहिला. म्हणून एकूण मंजूर पदांचा आकडा पुरेसा नाही. त्या रात्री, त्या वॉर्डात, कोणत्या डॉक्टरकडे कोणत्या क्रमांकाच्या खाटा आहेत हे नावानिशी लिहिलेले हवे. परिचारिकांसाठी निदान कागदावर तरी प्रमाण आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका धरली आहे. ते पाळले जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण मोडले गेले असे म्हणायला निकष तरी आहे. निवासी डॉक्टरसाठी प्रत्यक्ष दाखल रुग्णांवर आधारलेला असा निकषच नाही, मंजूर खाटा आणि प्रवेशाच्या जागा यांवरच सगळे तोलले जाते.

निकष ठरला की पैशांचा प्रश्न येईलच. दर वॉर्डाला प्राध्यापक वाढवणे महाग आहे, वेळखाऊ आहे. पण प्रवेशाशी न बांधलेली निवासी पदे, एमबीबीएस आणि एमडी-एमएस झालेल्यांची, सरकार आजही भरू शकते. पदव्युत्तर शिक्षणानंतर वर्षभराची बंधपत्रित सेवा महाराष्ट्रात सक्तीची आहे; ती पुरी करणाऱ्यांना आधी कुठे पाठवायचे हा प्रशासनाचाच निर्णय असतो. आयोगाच्या जिल्हा निवासी कार्यक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या किमान पन्नास खाटांच्या शासकीय रुग्णालयात काम करावे लागते. यवतमाळच्या वॉर्डातून हात आणखी कमी होतात म्हणून या कार्यक्रमावर कुरकुर होते. पण हेच डॉक्टर रात्री पुसदला किंवा पांढरकवड्याला असले, तर तिथून निघणाऱ्या १०८च्या फेऱ्या कमी होतील. सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त वीस मिनिटांत गोठते का हे काचेच्या साध्या नळीत बघून प्रतिविष तिथेच सुरू करता येते. त्यासाठी यवतमाळपर्यंत तास-दोन तास घालवायची गरज नाही. अट इतकीच की तिथे शिकवणारा विशेषज्ञ हजर हवा, नाहीतर मोठ्या ओझ्याखालून काढून निवासी डॉक्टरला छोट्या एकटेपणात ढकलल्यासारखे होईल.

यात हंगामही पाहायला हवा. यवतमाळात विषबाधा आणि सर्पदंश वर्षभर सारखे येत नाहीत. जुलै ते ऑक्टोबरमध्ये, फवारणी आणि पावसाबरोबर त्यांची लाट येते. पंढरपूरच्या वारीला आरोग्य खाते जादा पथके नेमते, कारण तिथी ठाऊक असते. फवारणीचीही तिथी ठाऊक आहे. त्या चार महिन्यांसाठी मेडिसिन आणि अतिदक्षता विभागांत जादा निवासी डॉक्टर नेमायला नवा कायदा लागत नाही, एका शासन आदेशाने होण्यासारखे आहे.

२०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यांत वाशीम, हिंगोली आणि अमरावती हे यवतमाळचे तीन शेजारी आहेत. प्रत्येक उद्घाटनात जिल्ह्याची आरोग्यसेवा आता सुधारणार असे सांगितले गेले. नवे महाविद्यालय पहिली काही वर्षे एमबीबीएसचीच मुले घेते, पदव्युत्तर जागा नंतर येतात. तोवर तिथे रात्रीच्या वॉर्डात कनिष्ठ निवासी डॉक्टरांच्या तुकड्या नसतात. त्यात नव्या ठिकाणी तपासणी आली की जुन्या महाविद्यालयांतले अध्यापक तात्पुरते तिकडे पाठवायचे ही आपल्याकडची जुनी पद्धत. तेव्हा यवतमाळकरांनी आणि त्यांच्या आमदार-खासदारांनी पुढच्या वेळी शासकीय रुग्णालयाच्या प्रश्नावर बैठक लावली, तर इमारत, खाटा, यंत्रे यांच्याआधी अधिष्ठात्यांकडे एक कागद मागावा : काल रात्री बारा वाजता प्रत्येक वॉर्डात किती रुग्ण होते, आणि ते पाहायला कोणते निवासी डॉक्टर होते. हा कागद रोज सकाळी रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लावायला फारसा खर्च येत नाही.